आधी काळोख दाखवा

आबा गावस दुर्बीण बघायला कुठल्याही दुकानात शिरले की आधी दुकानाचं दार लावून घ्यायचे. मग खिडक्या. दुकानदार "ओ, ओ, हे काय चाललंय" करत उठेपर्यंत खांद्यावरचं कांबळं त्यांनी डोक्यावरून घेतलेलं असायचं, आणि कांबळ्याच्या आतून आवाज यायचा, "पयलीं काळोख दाखय. मागीर दुर्बीण."

दुकानदाराला वाटायचं, म्हातारा चोर आहे किंवा वेडा आहे. मी सोबत असायचो, त्यामुळे माझ्याबद्दलही त्याचं तेच मत व्हायचं.

मी मूळचा गोव्यातल्या धारगळचा. लाटंबार्शाच्या प्राथमिक शाळेत माझी बदली झाली तेव्हा आबांच्या घराची रस्त्याकडची खोली मी भाड्याने घेतली. भाडं ठरवताना आबांनी माझं गाव, कूळ, पगार यातलं काहीच विचारलं नाही. "मास्तर, तुमकां काळोखांत दिसता?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, बेताचं दिसतं. "बरें," आबा म्हणाले आणि चावी दिली. हा प्रश्न त्यांनी का विचारला हे मला पुढे चार महिन्यांनी कळलं, आणि तोवर फार उशीर झाला होता.

आबा म्हणजे सखाराम गावस. सत्तरीला टेकलेले, पण माडासारखे ताठ. चेहरा ऐसपैस, मिशा त्याहून ऐसपैस. ओढ्यापलीकडे त्यांचे दोन कुणगे, म्हणजे भातशेतीचे तुकडे, आणि वर डोंगराच्या कुशीला काजूची बाग. या दोहोंच्या मधून रानडुकरांचा रस्ता. आबा त्यांना डुकरं म्हणत नसत. 'पावणे' म्हणत. "काल पावणे येवन गेले" असं त्यांनी सकाळी सांगितलं की समजावं, कुणग्याचा एक कोपरा नांगरून गेला.

शिकारीला कागदावर बंदी होती. पण शेत राखण्यासाठी आबांकडे ठासणीच्या बंदुकीचं लायसन होतं, आणि बाकीचं सगळं, डुक्कर पडलं ते कोणाच्या कुणग्यात, यावर ठरायचं. आबांच्या बाबतीत ते नेहमी आबांच्याच कुणग्यात पडत असे. त्यांचा नेम चुकल्याचं लाटंबार्शात कोणी ऐकलं नव्हतं. बार ऐकू आला की वाड्यावरची, म्हणजे वस्तीतली, माणसं विचारपूस न करता सुरी, पिशवी आणि केळीचं पान घेऊन निघत. खात्रीच तेवढी होती.

मांसाचे वाटे पाडायची तिथे एक रीत होती. बंदूकवाल्याला एक वाटा जास्तीचा. कुत्रा असला तर कुत्र्यालाही एक. आणि जनावर ज्याने पहिल्यांदा पाहिलं त्याला 'डोळ्यांचो वांटो'. आबा बंदुकीचा वाटा घेत आणि डोळ्यांचाही घेत. पुंडलिक म्हणून त्यांचे एक शेजारी होते, जे प्रत्येक वाटपाला पहिले हजर असत. ते दर वेळी कुरकुरत, "मारतलोय तूंच आनी पळेतलोय तूंच? देवान दुसऱ्यांक डोळे दिले नात?" आबा पान गुंडाळून निघत.

असा हा माणूस, मी राहायला आलो त्या वर्षी बंदुकीला हात लावत नव्हता. वर्षभर माळा रिकामाच आहे असं वाडा म्हणे. माळा म्हणजे कुणग्याच्या कडेला चार खांबांवर बांधलेली राखणीची मचाण. पाहुणे येत होते, पोटभर जेवून जात होते. आणि आबांनी एकच ध्यास घेतला होता : रात्री दिसणारी दुर्बीण.

आता रात्री दिसणारी दुर्बीण डिचोलीत कुठे मिळणार? तिथे मिळत होत्या त्या जत्रेतल्या, लाल प्लास्टिकच्या. पण आबा हार मानणाऱ्यांतले नव्हते. डिचोलीच्या एका फोटो स्टुडिओत फोटोवाल्याच्या भावाने दुबईहून आणलेली दुर्बीण आहे असं त्यांना कळलं. फोटोवाल्याकडे तर काळोखाची खोलीच असते. आबांना स्वर्ग दोन बोटं उरला. फोटोवाला दुर्बीण शोधायला आत गेला आणि आबा तिसऱ्याच दाराने त्या खोलीत शिरले. आत कुणाच्या तरी लग्नाची फिल्म धुवायला पडली होती. काळोख किती घट्ट आहे ते पारखायला आबांनी दार लावून, उघडून, पुन्हा लावून पाहिलं. त्या जोडप्याला पुन्हा शालू नेसवून, मुंडावळ्या बांधून स्टुडिओत उभं करावं लागलं, आणि नवरीच्या आईने आबांकडे ज्या नजरेने पाहिलं तिला कुठल्याच दुर्बिणीची गरज नव्हती.

आबांना त्याचं काही नाही. "काळोख बरो आशिल्लो," ते बसमध्ये म्हणाले. "दुर्बीण मात रुंद."

हे रुंदपणाचं प्रकरण मला समजेना. आबा टोपीत माडाच्या झावळीचा एक हीर, म्हणजे काडी, खोचून ठेवत, बोटभरसुद्धा नसलेला. प्रत्येक दुर्बीण हातात घेतली की तो हीर काढून दोन्ही नळ्यांच्या मध्ये धरत, नळ्या जवळ आणत, आणि मान हलवत. आबांच्या त्या परातीएवढ्या चेहऱ्याला हीर कुठेच जुळत नव्हता. तेवढ्या अरुंद दुर्बिणीतून त्यांना स्वतःचं नाकच दिसलं असतं.

घरी तर आणखी कहर. आबांची बायको, जिला सगळा वाडा काकी म्हणायचा, ती अंगणात तांदूळ पाखडत होती आणि तिच्या गळ्यात सुतळीने बांधलेला पाण्याचा तांब्या लोंबत होता. आबा मधूनमधून येऊन तांब्यात पाणी वाढवत आणि विचारत, "आतां मानेक जड जाता?" काकी म्हणे, "ना." आबा आणखी ओतत. "आतां?" शेवटी काकीने सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "मास्तर, ह्यांकां सांगा, हांव म्हस न्हय."

तेव्हा मी आबांना गाठलं आणि सरळ विचारलं. ते ओट्यावर टेकले.

मग सांगितलं ते असं. माळ्यावर कधीच ते एकटे बसत नसत. चहाचा तांब्या घेऊन काकी संध्याकाळी जायची ती परत यायची नाही; त्यांच्या पाठीमागे बसायची. डोळे तिचे होते. अंधार पडताना काजूच्या बागेतलं पान हललं तरी तिला दिसे. ती आबांच्या उजव्या खांद्यावर बोट ठेवायची. बोट सरकेल तशी नळी सरकायची, बोट दाबलं की चाप. "म्हाका कितें दिसतालें?" आबा म्हणाले. "म्हाका तिचें बोट कळटालें." डोळ्यांचा वाटा तिचा होता. बायको नवऱ्याला शिकार दाखवते हे वाड्यावर सांगायची लाज म्हणून इतकी वर्षं पुंडलिकची कुरकुर ऐकून घेतली.

गेल्या वर्षापासून काकीला दिवस मावळला की दिसेनासं झालं. दिवसा सुईत दोरा ओवायची, आणि दिवेलागणीला दाराची चौकट चाचपायची. म्हापशाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, याला रातांधळेपण म्हणतात, या वयात याला औषध नाही. काकीने ते ऐकलं आणि घरी येऊन माळ्यावर नेण्याचा तांब्या घासून फळीवर पालथा घातला. त्या दिवसापासून ती संध्याकाळची ओट्याच्या खाली उतरली नाही.

"दिसा दिसना त्याका दिसाचो चष्मो दितात," आबा मला समजावत म्हणाले. "मागीर राती दिसना तिका रातचो दिवपाक नाका? दोतोराक हें कशें सुचूंक ना?" टोपीतला हीर त्यांनी तिच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराएवढा तोडला होता.

मी मास्तर. मुलांच्या चुका खोडणं हा माझा धंदा. डोळ्याच्या आतला दोष वेगळा आणि बाहेरची काच वेगळी, हे सांगायला मी तोंड उघडलंही. पण आबा इतक्या आशेने माझ्याकडे बघत होते की मी म्हटलं, वास्कोला चौकशी करू. बंदर आहे, बोटीवरचा माल येतो.

ते दिवस भाषेच्या आंदोलनाचे. कोकणी की मराठी यावरून घराघरात दोन चुली पेटायच्या बाकी होत्या, गोवा वेगळं राज्य होणार अशी हवा होती, आणि रस्त्यांवर कुठे ना कुठे झाड आडवं पडलेलं असायचं. आम्ही निघालो त्या दिवशी बस पणजीच्या अलीकडेच अडली. पोरं बसमध्ये चढून एकेकाला विचारू लागली, तुम्ही कोणाच्या बाजूचे? मी सरकारी नोकर, त्यात मराठी शाळेतला. आबांनी त्या पोरालाच उलट विचारलं, "तुमच्यांतलो कोण वास्कोच्या बंदरार कामाक आसा?" पोरगं गोंधळलं. आबा खाली उतरले, आडव्या झाडावर बसले आणि एकेकाला तेच विचारत सुटले. शेवटी एकजण निघाला. त्याने दुकानाचा पत्ता दिला, वर मालकाला आपलं नाव सांगायला सांगितलं. तासाभराने बस सुटली. पलीकडे दुसऱ्या पक्षाची माणसं उभी होती. आबांनी त्यांच्यातही चौकशी करून पत्ता पक्का करून घेतला. एका दुकानाच्या पत्त्यावर दोन्ही बाजूंचं एकमत झालेलं मी त्या काळात तेवढंच पाहिलं.

दुकान बंदराच्या मागच्या गल्लीत होतं. आत घड्याळं, रेडिओ, साबण, परदेशी जाकिटं. मालक धीराचा माणूस. आबांनी दार लावलं, खिडक्यांकडे बोट करून "जनेलां बंद कर" म्हणून सांगितलं, कांबळं घेतलं, तरी तो हसत राहिला. मागे गोदाम होतं, लांबलचक आणि पुरेसं काळं. आबा खूष झाले. मग त्यांनी माझ्या हातातली छत्री बघितली.

"मास्तर, तुमी डुकर जायात."

काळी छत्री उघडून, तिच्याआड ओणवं होऊन, साबणाच्या खोक्यांमधून मी गोदामभर फिरलो. "सोंपे नाकात. पावणे सोंपे येनात," असं आबा तिकडून ओरडत, म्हणून मी अडूनअडून फिरलो. मध्येच थांबून उकरायचंही असतं हे मला सांगण्यात आलं. मी उकरलं. ट्रेनिंग कॉलेजात यातलं काहीच शिकवलं नव्हतं.

मालकाने तीन नग काढले. पहिला लहानसा, सोनेरी, नाटकसिनेमा बघायचा. आबांनी हीर लावला. हीर जुळला, पण काळोखात छत्री गायब. "ही नाचपी बायलो पळोवंक," म्हणून परत. दुसरं यंत्र बॅटरीवरचं. लढाईत वापरलेलं आहे असं मालक म्हणाला. कुठल्या लढाईत ते त्याला सांगता येईना. बटण दाबलं की ते डासासारखं कुंई करायचं, आणि आत सगळं हिरवं. मी छत्रीआडून बाहेर डोकावलो तर आबा म्हणाले, मास्तर, तुमचं तोंड भोपळ्याच्या वेलासारखं दिसतं. त्यांनी यंत्र खाली ठेवलं. "कुंई आयकून पावणे थारतले? आनी हिरवो डुकर दाखयल्यार ती म्हजेर हांसतली."

तिसरी एका खलाशाची दुर्बीण. काळी, जाडजूड, पुढच्या काचा वाटीएवढ्या. मालक म्हणाला, बोटीवर रात्रीच्या पहाऱ्याला हीच वापरतात, मोठी काच अंधारातला होता नव्हता तेवढा उजेड गोळा करते. आबा कांबळ्याखाली गेले. मी फिरलो, थांबलो, उकरलं. मग कांबळ्यातून सावकाश आवाज आला, "छत्रेची एक काडी वांकडी आसा, मास्तर."

खरोखरच वाकडी होती. हीर लावला, नळ्या पार मिटवल्यावर अगदी काठोकाठ जुळला. गळ्यात अडकवून वजन पाहिलं. तिसऱ्या ओतणीच्या तांब्याएवढं. ती घेतली. येताना बसमध्ये जो तो बघायला मागत होता. आबांनी कोणालाच दिली नाही. "ही दिसाची न्हय," एवढंच सांगितलं.

वायंगणाचं, म्हणजे उन्हाळी भात पोटरीला आलं होतं. दुसऱ्या दिवशी ऊन कललं तसे आबा अंगणात येऊन नुसतेच उभे राहिले. काकी आतून म्हणाली, "हांव येना. पडटलें खंय तरी." आबा म्हणाले, "मास्तर धरतले." काकी आणखी एकदा नाही म्हणाली. मग फळीवरचा तांब्या काढल्याचा आवाज आला.

माळ्यावर आम्ही तिघं बसलो. पुढे बंदूक घेऊन आबा, मागे काकी, कडेला अंग चोरून मी. घाटीवरून खनिजाचे ट्रक रांगेने चढत होते, त्यांच्या घरघरीत दुसरं काही ऐकू येत नव्हतं. उजेड हळूहळू गेला. पण पाणी भरलेल्या कुणग्यावर आभाळाची थोडी चमक राहिली होती आणि मला बेताचं दिसत होतं. काकीने दुर्बीण डोळ्यांना लावली होती. आबा तिच्याकडे बघत नव्हते, पण त्यांचे कान तिच्याकडे होते.

"दिसता?" आबांनी विचारलं.

दुर्बीण या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरली, परत आली. मला वाईट वाटू लागलं. काचेचा उपयोग नाही हे आधीच सांगायला हवं होतं, असं मनात येत होतं.

तेवढ्यात डावीकडून, काजूच्या बागेतून, पाहुणे उतरले. एक मोठी मादी आणि मागून पोरंबाळं. इतकी स्पष्ट की कोणालाही दिसावीत. आबांनाही दिसली, त्यांचा हात चापाकडे गेला. डुक्कर एवढं जवळ त्यांच्या जन्मात आलं नसेल.

आणि काकी म्हणाली, "आयलो."

दुर्बीण उजवीकडे होती. पार उजवीकडे, बांधावरच्या भिरंडीच्या, म्हणजे कोकमाच्या, झाडाखाली, जिथे झाडाच्या सावलीशिवाय काहीही नव्हतं. "एकलो आसा," काकी म्हणाली. "व्हडलो. दिसता म्हाका. बरो दिसता." आणि तिने आबांच्या खांद्यावर बोट ठेवलं.

तिला काय दिसलं ते देव जाणे. काच खरंच काही दाखवत होती, की वर्षभर वाट पाहिलेलं डोळ्यांपुढे उभं राहिलं, मला आजही सांगता येणार नाही.

मी आबांना कोपराने ढोसलं, डावीकडे बोट दाखवलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बोट सरकलं तशी नळी सरकली, डावीकडच्या भरल्या ताटाकडे पाठ फिरवून उजवीकडे गेली, भिरंडीखाली जाऊन थांबली. बोट दाबलं. आबांनी चाप ओढला.

बार डोंगरात घुमला. डावीकडची पलटण शेपट्या वर करून बागेत नाहीशी झाली.

"लागलो?" काकीने विचारलं.

"धांवलो," आबा म्हणाले. "थोड्यान चुकलो."

आम्ही माळ्यावरून उतरेपर्यंत बत्त्या घेऊन वाडा हजर. सुऱ्या, पिशव्या, केळीची पानं. एकाने तर मसाला वाटायला सांगून आलो म्हणून सांगितलं. सगळ्यांत पुढे पुंडलिक. बत्ती भिरंडीखाली फिरवली, बांधावर फिरवली. डुक्कर नाही, रक्त नाही, खुराचा ठसासुद्धा नाही. झाडाच्या बुंध्यात छर्रे घुसलेले होते तेवढेच.

"गावसा," पुंडलिक म्हणाले, "भिरंड मारली मरे तुवें. आतां सोलकडी वांटून दी."

सगळे हसले. मीही हसलो असतो, पण काकी माझा हात धरून उभी होती आणि तिने पकड घट्ट केली होती. ती विचारत नव्हती, पण ऐकत होती.

आबा बत्तीच्या उजेडात आले. बंदूक खांद्याला लावली आणि सगळ्या वाड्याला ऐकू जाईल असं म्हणाले, "डुकर आशिल्लो. बायलेन बरोबर दाखयलो. आयजपर्यंतचे सगळे तिणेंच दाखयल्ले. म्हजो नेम चुकलो."

हसणं थांबलं. पुंडलिकांनी पानाची घडी करून पिशवीत घातलं आणि बत्ती घेऊन पुढे झाले, आम्हाला वाट दिसावी म्हणून. काकीची पकड सैल झाली. घरापर्यंत ती मघाशी झालेली चूक आबांना समजावून सांगत होती : तुम्ही घाई केली, माझं बोट पुरतं दाबलं गेलं नव्हतं. आबा "होय गो, होय गो" करत चालले होते.

ती आत गेल्यावर मी त्यांना ओट्यावर धरलं. मला राहवलं नाही. म्हटलं, आबा, डावीकडे अख्खं कुटुंब उभं होतं, तुम्ही पाहिलंत, मी पाहिलं. हातची शिकार घालवलीत, नाव घालवलंत, उद्या तीच डुकरं येऊन भात संपवतील.

आबांनी दुर्बिणीच्या काचा धोतराच्या सोग्याने पुसल्या आणि ती खुंटीला, काकीच्या हाताला येईल अशी, खालच्या बाजूला अडकवली.

"मास्तर, वर्सभर हांव त्या माळ्यार एकलोच वचून बसतालों. कोणाक सांगूंक ना. पावणे दिसताले म्हाका, खूब दिसताले," ते म्हणाले. "पूण 'आयलो' म्हणपाक म्हजे पाठीमागें कोण नाशिल्लें."